जुळ्यांचा अर्ज एकाच कॉलेजात? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरात जुळी मुलं बारावीत गेली की हा प्रश्न निघतोच: दोघं जुळे आहेत हे कॉलेजला मुद्दाम कळवायचं का? गरज नाही. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, भावंडांची माहिती भरावीच लागते, वाचणाऱ्याला ते आपोआप कळतं. पण बहुतेक ठिकाणी दोन्ही अर्ज स्वतंत्रच तोलले जातात. ‘एकाला घेतलं की दुसऱ्याला सोडणार नाहीत’ या भरवशावर राहू नका.

सगळ्यात महागात पडते ती पैशांची चूक. 2024-25 च्या आधी फाफ्साच्या (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) हिशेबात पालकांचा वाटा कॉलेजात असलेल्या मुलांमध्ये विभागला जायचा. समजा तो 40,000 डॉलर निघाला, तर जुळ्यांमागे वीस-वीस हजार. आता ती विभागणीच गेली. दोघांच्याही नावावर चाळीस-चाळीस हजार. मोठ्या ताईच्या वेळचे आकडे धरून बसलात तर फसाल. सीएसएस प्रोफाइल (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा वेगळा अर्ज) मागणारी बरीच खासगी कॉलेजं अजून भावंडं विचारात घेतात, पण किती, ते प्रत्येकाचं वेगळं. म्हणून दरेक कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर (मदत वजा जाता अंदाजे खर्च सांगणारं साधन) आकडे घालून बघा.

एकत्रच राहायचं असेल तर अर्ली डिसिजन, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाऊ असं कबूल करून लवकर केलेला अर्ज, जपून. तो करार ज्याचा त्याचा असतो. एकीला प्रवेश मिळाला आणि दुसरीला डिफर केलं, म्हणजे तिचा निर्णय पुढे ढकलला, तर पहिलीला बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. पुरेशी आर्थिक मदत मिळाली नाही तरच सुटका. बहिणीचा निकाल हे कारण चालत नाही. अर्ली अ‍ॅक्शन (लवकरचा, पण बंधन नसलेला अर्ज) किंवा रेग्युलरमध्ये (नेहमीच्या मुदतीचा अर्ज) निदान 1 मेपर्यंत, म्हणजे होकार कळवायच्या नेहमीच्या मुदतीपर्यंत, दोघींना मिळून ठरवता येतं.

निबंधात ‘आम्ही दिसायला सारख्या, पण स्वभाव वेगळे’ हे दोघींनीही लिहू नये. खरं तर एकीनेही नाही! रोबोटिक्स क्लबात दोघी असतील, तर वायरिंग कोणी केलं आणि प्रायोजकांना फोन कोणी केले, हे अर्जात दिसू दे. शिफारसपत्रं शक्यतो वेगळ्या शिक्षकांकडून घ्या.

आडनाव, पत्ता, जन्मतारीख एकच. त्यात नावं आर्या-आर्यन असली की कागदांची अदलाबदल होऊ शकते. दोघांचे ईमेल वेगळे ठेवा. काही अपलोड केलं की त्या-त्या पोर्टलवर जाऊन चेकलिस्ट तपासा.

आणि एकाला होकार, दुसरा वेटलिस्टवर, असं झालं तर? ‘अहो, जुळे आहेत हो’ म्हणून आईबाबांनी फोन करू नये. ज्याचं नाव वेटलिस्टवर आहे त्याने स्वतः पत्र लिहावं, नवे गुण, नवं काम कळवावं. 1 मेच्या आत दुसऱ्या कॉलेजचं डिपॉझिट मात्र भरून टाका.