पाळणाघराच्या काकूंना ताटकळत ठेवू नका

लोकल रखडली की मुलाला न्यायला उशीर होतो आणि पाळणाघर चालवणाऱ्या काकूंचा स्वयंपाक, त्यांच्या घरच्यांची संध्याकाळ, सगळंच खोळंबतं. त्यावर एवढं करा.

1. "निघतेच आहे" असा मेसेज करू नका, त्यावरून काही कळत नाही. गाडीत चढलात की लिहा: "दादरला गाडी मिळाली, साडेसातपर्यंत डोंबिवलीला पोचते." मग काकू कुकर लावायला मोकळ्या.

2. ऐनवेळी मूल आणू शकेल अशा एका माणसाचा फोटो आणि नंबर आधीच देऊन ठेवा. अनोळखी माणसाच्या हाती मूल सोपवताना त्यांचाही जीव वरखाली होतो.

3. जादा वेळेचे पैसे पहिल्याच महिन्यात ठरवा आणि ज्या दिवशी उशीर होईल त्याच दिवशी द्या. "राहू दे गं" म्हणतील, तरी द्या. महिनाअखेरीस मागायचा संकोच त्यांनाच होतो.

एक मात्र सांभाळा: सकाळी तापाचं औषध पाजून मूल सोडू नका. चार-सहा तासांत औषध उतरतं, दुपारी ताप परत चढतो आणि तोवर बाकीची मुलं त्याच्यासोबत खेळलेली असतात.