घराभोवती झाडं लावताय? या चुका टाळा

आमच्या दारातलं हापूसचं कलम चार वर्षं झाली तरी कमरेच्या वर जाईना. खत घातलं, जीवामृत घातलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्लेही घालून झाले. शेवटी एका जूनमध्ये काढायला घेतलं, तर एका हिसक्यात हातात आलं. मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी जशीच्या तशी, आणि आत मुळं चुंबळीसारखी गोल गोल वळलेली. लावताना माळ्याने पिशवीला खालून ब्लेडने एक चीर दिली होती, तेवढंच. मी शेजारी चहाचा कप घेऊन उभा होतो.

तेव्हापासून खुंटलेलं झाड दिसलं की मी पानांकडे नंतर बघतो, आधी बुंध्याची माती उकरतो.

पिशवी आणि मुळं

पिशवी पूर्ण काढायची, चीर देऊन भागत नाही. गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करायची, जाड होऊन वळलेली असतील तर कात्रीने सरळ छाटायची. नर्सरीत सहा फुटी रोप छोट्या पिशवीत दिसलं की आपण खूश होतो, पण ते तिथे बराच काळ कोंडलेलं असतं. त्यापेक्षा अडीच-तीन फुटी, जाड खोडाचं, काठीच्या आधाराशिवाय उभं राहणारं रोप घ्या.

खड्डा की बादली?

सगळ्यात जास्त झाडं इथे मरतात. पुण्या-नाशिककडच्या कितीतरी प्लॉटवर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. त्यात पहारीने तासून गुळगुळीत कडांचा ३ × ३ × ३ फुटांचा खड्डा काढतात आणि विकतच्या लाल मातीने भरतात. पावसाळ्यात त्याची बादली होते. पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते आणि मुळं कुजतात. वर पानं पिवळी पडून माना टाकतात. आपल्याला वाटतं झाड तहानलं, म्हणून आणखी पाणी घालतो! माती ओली असून पानं लोंबत असतील, तर पाणी आधी थांबवा.

लावण्यापूर्वी सोपी परीक्षा करा. संध्याकाळी खड्डा पाण्याने भरा. सकाळी अर्धंअधिक पाणी तसंच असेल, तर तळ पहारीने फोडा, कडा खरवडून खडबडीत करा आणि खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा. काळी चिकण माती असेल तर वरंबा करून त्यावर लावणं उत्तम. भरायला शक्यतो निघालेलीच माती वापरा, त्यात साधारण तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलंत तर हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण दिल्यासारखंच. खड्डा मे महिन्यातच काढून उन्हात तापू द्यावा, लागवड मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर.

खोल लावलं की पक्कं बसतं?

नाही. भुसभुशीत माती पावसात दबते, झाड आपोआप खाली जातं आणि बुंधा कायम ओला राहतो. कलमाचा जोड मातीच्या वर निदान चार बोटं दिसलाच पाहिजे. जोडाच्या खालून आलेला फुटवा जोमदार असतो, बघून बरंही वाटतं, पण तो खालच्या रायवळ कोयीचा, म्हणजे ज्या साध्या आंब्याच्या रोपावर हापूसची काडी जोडलेली असते त्याचा. दिसला की खुडा, नाहीतर हापूस मागे पडून रायवळच वाढेल.

झाड कुठलं, आणि कुठे?

मूळचा मादागास्करचा गुलमोहर फुलला की डोळे निवतात, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर पसरणारी. वळवाच्या वाऱ्यात खाली गाडी असली तर संपलंच. सप्तपर्णी दिवाळीच्या सुमारास फुलते. खिडकीशेजारी असेल तर त्या वासाने डोकं उठतं. वड, पिंपळ, उंबर कुंपणाच्या भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपापासून लांबच बरे. दारात शेवगा नको म्हणतात त्यातही तथ्य आहे, फांदी काडकन मोडते. ‘अशोक’ म्हणून जे सरळसोट झाड गळ्यात मारतात तो खोटा अशोक. केशरी फुलांचा सीतेचा अशोक वेगळा.

लहान अंगणाला पारिजातक, कांचन, अनंत, तगर पुरे. थोडी मोकळी जागा असेल तर बहावा. कण्हेर आणि बिट्टी दोन्ही विषारी, घरात रांगतं मूल असेल तर विचार करून लावा. आणि नंतर तोडू म्हणाल, तर शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते.

पाणी

रोज तांब्याभर पाणी बुंध्याशी ओतलं की मुळं वरच राहतात आणि एप्रिलमध्ये भाजून निघतात. आठवड्यातून दोनदा, पण भरपूर द्या, आणि आळं दरवर्षी फांद्यांच्या घेरापर्यंत रुंद करत न्या. आधाराच्या काठीची सुतळी इंग्रजी आठाच्या आकारात सैल बांधा, दर सहा महिन्यांनी सोडून बघा. खोडात रुतलेली सुतळी मी स्वतः चिमट्याने काढली आहे.

पहिल्या उन्हाळ्यात आठवडाभर गावाला जायचं असेल, तर बुंध्यापासून हातभर अंतरावर मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि वर झाकण ठेवा. मडकं नवं, चांगलं पाझरणारं हवं. फ्रीजशेजारचं जुनं, शेवाळलेलं चालत नाही, त्याची छिद्रं बुजलेली असतात.