आठवी-नववीत पोराला इंटरनॅशनल शाळेत टाकायचंय? नागपूरकरांनो, फी भरायच्या आधी हे करा

आपल्या नागपुरात शाळेच्या नावात इंटरनॅशनल लावायला काही लागत नाही बावा. वर्धा रोडनं निघा नाहीतर काटोल रोडनं, तशा पाट्या दिसतच राहतात आणि आत जाऊन विचारलं की कितीतरी ठिकाणी बोर्ड निघते सीबीएसई. आता सीबीएसई काही वाईट नाही, पण तुम्ही आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिज या इंग्लंडच्या बोर्डाची दहावीची परीक्षा, समजून पैसे मोजणार असाल तर घोळ आहे. म्हणून पहिलं काम घरी बसूनच करा. केंब्रिजच्या साइटवर शाळा शोधायची सोय आहे, आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या दुसऱ्या परदेशी बोर्डाच्या साइटवर पण आहे, तिथे शाळेचं नाव टाका. आयबीच्या बाबतीत शाळा 'कॅन्डिडेट' आहे असं सांगत असेल तर त्याचा अर्थ मान्यता अजून मिळालेली नाही, प्रक्रिया चालू आहे. ब्रोशरवर लोगो आहे म्हणजे झालं असं समजू नका. आणि एक प्रश्न हमखास विचारा, केंब्रिज दहावीपर्यंत आहे का फक्त आठवीपर्यंत? काही शाळा खालच्या वर्गांना केंब्रिजची पुस्तकं देतात आणि नववीत सगळ्यांना दुसऱ्या बोर्डात ढकलतात. तुमच्याकडून दहावीची पहिली बॅच कधी बसली, आणि मागच्या बॅचचे विषयवार ग्रेड दाखवा, इतकं सरळ विचारायचं, लाजायचं नाही.

थोडक्यात भेद असा की आयजीसीएसई ही केंब्रिजची १९८८ पासूनची परीक्षा, साधारण १४ ते १६ वयाच्या पोरांसाठी, म्हणजे आपली नववी-दहावी. त्यात विषय निवडता येतात आणि प्रत्येक विषयाचा वेगळा ग्रेड मिळतो. आयबीमध्ये दहावीपर्यंत एमवायपी म्हणजे मिडल इयर्स प्रोग्राम, त्याच्या शेवटच्या वर्षी पोरानं स्वतः निवडलेला एक पर्सनल प्रोजेक्ट, आणि अकरावी-बारावीला डीपी म्हणजे डिप्लोमा प्रोग्राम, सहा विषय, एकूण ४५ गुणांचं. पुढचं मी जास्त केंब्रिजबद्दलच लिहितोय काहून की स्टेट बोर्डातून किंवा सीबीएसईतून मधेच येणाऱ्या पोराला तेच जास्त जमण्यासारखं राहते.

आता खरी गोष्ट. शाळा 'बायलिंग्वल' म्हणते तेव्हा दुसरी भाषा नेमकी कुठे आणि किती, ते उकरून काढा. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांमध्ये मराठी शिकवणं सक्तीचं आहे, न शिकवल्यास एक लाखापर्यंत दंड आहे. पण २०२३ मध्ये सरकारनंच इतर बोर्डांना एका बॅचपुरती सवलत दिली की मराठीला नुसती श्रेणी द्या, एकूण निकालात धरू नका, आणि तेव्हापासून बऱ्याच शाळांनी मराठीचा तास म्हणजे आरामाचा तास करून टाकला. म्हणून 'मराठी शिकवता का' हा प्रश्न बेकार आहे, 'हो' असंच उत्तर येणार. त्यापेक्षा म्हणा की आठवीतल्या एखाद्या पोट्ट्याची मराठीची वही दाखवा, नाव झाकून दाखवली तरी चालेल. वहीत नुसत्या रिकाम्या जागा आणि जोड्या जुळवा असतील तर समजून जा. स्वतःच्या मनानं लिहिलेला एक-दीड पानाचा मजकूर असेल आणि बाईंनी त्यातली वाक्यं दुरुस्त केलेली असतील, ऱ्हस्व-दीर्घाच्या पुढे जाऊन 'हे असं का म्हणतोस' असं समासात लिहिलं असेल, तर ती शाळा खरंच दोन भाषांत शिकवते. दहा मिनिटांत कळते हे.

केंब्रिजमध्ये दुसरी भाषा म्हणून आपल्याकडे बहुतेक पोरं हिंदी घेतात, हिंदी ॲज अ सेकंड लँग्वेज, कोड ०५४९ (केंब्रिजच्या प्रत्येक विषयाला असा नंबर राहते), नाहीतर फ्रेंच. फ्रेंच भारी वाटते सगळ्यांना. पण ज्याला नववीत येऊन नवीन भाषेची मुळाक्षरं गिरवायची आहेत आणि सोबत पाच विषय इंग्रजीतून नव्यानं पचवायचे आहेत त्याच्यावर हा बोजा कशाला? पाहुण्यांसमोर फ्रेंच बोलून दाखवण्यापलीकडे कारण नसेल तर हिंदी घ्या आणि मराठी घरी सांभाळा, असं माझं मत. आयबीच्या डीपीत तर दोन भाषा 'लँग्वेज ए' म्हणून, म्हणजे मातृभाषेच्या पातळीवर, घेऊन दोन्हीत निदान ३ गुण मिळवले आणि बाकी अटी पूर्ण केल्या तर बायलिंग्वल डिप्लोमा मिळतो. आणि मातृभाषेचा शिक्षक शाळेत नसला तरी शाळेच्या मदतीनं स्वतः शिकून स्टँडर्ड लेव्हलला साहित्य घ्यायची सोय पण आहे. मराठीचं नाव घेऊन शाळेच्या आयबी कोऑर्डिनेटरला विचारा, आधी चेहरा बघण्यासारखा होईल, पण विचारा.

इंग्रजीचं पण ठरवावं लागते. फर्स्ट लँग्वेज इंग्लिश म्हणजे ०५००, सेकंड लँग्वेज म्हणजे ०५१०. सेमी-इंग्लिशमधून आलेल्या पोराला ०५०० मध्ये टाकलं की लेखनात मार खातो, उतारा कळतो पण लेखकानं हा शब्द का वापरला ते लिहिता येत नाही. ०५१० घेतल्यानं इज्जत जात नाही. फक्त बाहेर शिकायचा विचार असेल तर ज्या युनिव्हर्सिटीत जायचंय तिथे ०५१० चालते का, कोणता ग्रेड मागतात, ते त्यांच्याच साइटवर बघून घ्या.

मग कोअर आणि एक्स्टेंडेड. गणित, सायन्समध्ये अशा दोन पातळ्या राहतात, कोअर सोपी आणि एक्स्टेंडेड वरची, आणि कोअरला बसलेल्या पोराला कितीही चांगला पेपर गेला तरी सी च्या वर ग्रेड मिळत नाही. हे बऱ्याच पालकांना दहावीच्या मध्यावर कळते, तेव्हा ओरडून उपयोग नाही. नववीच्या सुरुवातीलाच लेखी विचारा की पोरगा कोणत्या पातळीवर आहे आणि बदलायची शेवटची तारीख कोणती. गणिताला, म्हणजे ०५८० ला, २०२५ पासून एक पेपर बिनकॅल्क्युलेटरचा आहे, तिथे आपली स्टेट बोर्डाची पोरं मस्त चालतात, पाढ्यांची कमाई.

सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी वेगवेगळे घेता येतात किंवा कंबाइन्ड, कोऑर्डिनेटेड असे एकत्र. पुढे डॉक्टर-इंजिनीअर डोक्यात असेल तर तिन्ही वेगळे आणि एक्स्टेंडेड. आणि लॅबबद्दल एक बारीक प्रश्न, पोरं पेपर ५ देतात का पेपर ६? पाच म्हणजे लॅबमध्ये उभं राहून खरं प्रॅक्टिकल, सहा म्हणजे त्याऐवजी लेखी पेपर. दोन्हीला केंब्रिजची मान्यता आहे. पण शाळा लॅबचे फोटो दाखवून फी घेत असेल आणि सगळ्या बॅचला सहाच देत असेल तर पोरांच्या हातात ब्युरेट वर्षातून किती वेळा येते ते विचारायला हरकत नाही.

मधेच आलेलं पोरगं पहिल्या सहा महिन्यात कुठे अडकते सांगतो. अभ्यासात नाही, प्रश्नाच्या क्रियापदात. बटाट्याचा तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवला, वजन ५.० ग्रॅमवरून ४.२ ग्रॅम झालं. प्रश्नात 'डिस्क्राइब' असेल तर लिहायचं की वजन ०.८ ग्रॅमनं कमी झालं, संपलं. 'एक्सप्लेन' असेल तर पेशीतलं पाणी पटलातून बाहेर गेलं, जास्त वॉटर पोटेन्शियलकडून कमीकडे गेलं, याला ऑस्मोसिस म्हणतात, हे सगळं पाहिजे. आपलं पोरगं काय करते, ऑस्मोसिसची पाठ केलेली व्याख्या लिहून मोकळं होते, आकडा नाही की बटाटा नाही, मार्क अर्धे. व्याख्या बरोबर असून मार्क काहून कापले म्हणून मग घरी रडारड.

यावर उपाय फुकट आहे. केंब्रिजच्या साइटवर जुने पेपर आणि मार्क स्कीम, म्हणजे कोणत्या उत्तराला किती मार्क ते सांगणारा कागद, दोन्ही राहतात. पोराला आधी प्रश्न सोडवू द्या, मग मार्क स्कीम देऊन स्वतःच स्वतःला मार्क द्यायला लावा, तुम्ही फक्त बाजूला बसा. आणि रात्री जेवताना तोच बटाटा आजीला मराठीत समजावून सांग म्हणा. आजी विचारणारच, मग लोणच्याच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटते ते हेच का? हो, हेच. ज्याला मराठीत 'का' सांगता आलं त्याला इंग्रजीत एक्सप्लेन लिहिता येते, आणि ज्याला नाही सांगता आलं त्याचं इंग्रजी कच्चं नाही, विषय कच्चा आहे. ट्यूशनवाल्याला महिन्याचे पैसे देण्याआधी ही परीक्षा घरी घेऊन बघा. शाळेत 'घरी पण इंग्रजीच बोला' असा सल्ला मिळाला तर मान डोलवा आणि घरी येऊन मराठी बोला.

आता दहावीनंतरचं, आणि हे प्रवेश घ्यायच्या आधीच ठरवायचं. पोरगं अकरावीला ज्युनिअर कॉलेजात जाणार असेल तर परीक्षा मार्च सिरीजला, म्हणजे मार्चच्या फेरीत, द्यायला लावा. भारतात केंब्रिजची मार्च सिरीज आहे, तिचा निकाल मे महिन्यात लागतो. मे-जूनची परीक्षा दिली तर निकाल ऑगस्टमध्ये, आणि तोवर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या बऱ्याच पुढे गेलेल्या राहतात. मार्चची नोंदणी आदल्या वर्षीच होते, तेव्हा दहावीच्या दिवाळीआधी शाळेला आठवण करा. ग्रेडचे मार्क कसे धरतात, पडताळणीला कोणते कागद लागतात हे त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत बघा, कोणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. इंग्रजी धरून पाच विषयात सी किंवा वरचा ग्रेड असला की समकक्षतेचा, म्हणजे ही परीक्षा आपल्या दहावीच्या बरोबरीची धरून घेण्याचा, ताप सहसा होत नाही.

नीट द्यायची असेल तर तिचा अभ्यास एनसीईआरटीच्या अंगानं जातो, एमएचटी-सीईटी आपल्या स्टेट बोर्डाच्या अकरावी-बारावीवर, त्यातही बारावीचा भाग जास्त. ए लेव्हल (केंब्रिजची अकरावी-बारावी) किंवा डीपी करून हे करता येते, पण दोन दगडांवर पाय. त्यापेक्षा दहावी आयजीसीएसई आणि अकरावीपासून सीबीएसई किंवा स्टेट बोर्ड, ही वाट मला जास्त पटते. ए लेव्हललाच राहायचं असेल तर मेडिकलसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीसोबत इंग्रजी सुटणार नाही हे बघा, तीनच विषय घेण्याच्या नादात तेच सुटते.

पैशाचं म्हणाल तर ट्यूशन फी सोडून परीक्षेची फी विषयागणिक वेगळी, पुस्तकं वेगळी, बस वेगळी, सगळं एका कागदावर लिहून मागा. फीच्या कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीनं मंजूर केलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही, म्हणून समितीत कोण आहेत ते विचारा आणि जमलं तर स्वतःचं नाव द्या. बसचा रूट मे महिन्यात नाही, एप्रिलच्या दुपारी दोन वाजता स्वतः फिरून बघा. मानेवाड्याहून हिंगण्याच्या पलीकडे नॉन-एसी बसमध्ये तासभर, ४४ डिग्रीत, आल्यावर पोरगं काय होमवर्क करणार बाप्पा.

कागदांचं मात्र मनावर घ्या. जुन्या शाळेचा दाखला काढताना त्यावर जन्मतारीख, जन्मठिकाण आणि जात बरोबर लिहिली आहे का बघा, आणि त्याची साक्षांकित प्रत घरी ठेवा, काहून की पुढे जातीच्या दाखल्याला आणि व्हॅलिडिटीला हेच मागतात आणि काही नव्या शाळा जातीचा रकाना कोराच सोडतात. परीक्षेआधी शाळा स्टेटमेंट ऑफ एंट्री देते, त्यावर नाव, जन्मतारीख, विषयांचे कोड, सगळं छापलेलं राहते. आधार कार्डावर आडनाव आधी आहे का नंतर, वडिलांचं नाव आहे का नाही, ते दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. चूक दिसली तर त्याच दिवशी एक्झाम ऑफिसरला ईमेल करा, फोनवर सांगून सोडू नका, सर्टिफिकेट छापून आल्यावर दुरुस्तीला पैसे पण जातात आणि महिने पण.