एपीके वाटण्याआधी झिपअलाइन, आणि सही त्यानंतरच

मुंबईत बऱ्याच छोट्या कंपन्या सेल्समनचं ऑर्डर अ‍ॅप प्ले स्टोअरवर टाकतच नाहीत. एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा लिंकने जाते आणि मशीद बंदरच्या गल्लीत उभा असलेला माणूस ती तिथेच इन्स्टॉल करतो. फोन बहुधा कमी रॅमचा. म्हणून फाइल हातून सुटण्याआधी तिच्या आतला डेटा झिपअलाइन या टूलने नीट लावलेला हवा, आणि मग तिच्यावर कंपनीची डिजिटल सही हवी.

ग्रेडल या बिल्ड-टूलने रिलीज बिल्ड काढत असाल तर झिपअलाइनचं काम आपोआप होतं. बिल्डनंतर एपीके उघडून पुन्हा बांधली असेल, उदाहरणार्थ एपीकेटूलने किंवा एखाद्या सुरक्षा-टूलने, तर मात्र हाताने करावं लागतं.

झिपअलाइनने फाइल लहान होत नाही, उलट काही बाइट वाढतात. आकार कमी करायचा तर बिल्डच्या वेळीच आर8 (नको असलेला कोड काढणारं टूल) आणि रिसोर्स श्रिंकिंग (न वापरलेली चित्रं वगैरे काढणं) चालू करा. झिपअलाइन कॉम्प्रेस न केलेला डेटा 4 बाइटच्या सीमेवर आणून ठेवतं. मग अँड्रॉइड तो फाइलमधून थेट मेमरीत मॅप करतं, रॅममध्ये वेगळी प्रत काढावी लागत नाही.

टूल अँड्रॉइड एसडीकेच्या (अ‍ॅप बनवायच्या टूल्सच्या संचाच्या) बिल्ड-टूल्स फोल्डरमध्ये असतं, आवृत्ती 35.0.0 किंवा पुढची घ्या. खालच्या कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर रोमन अक्षरांत टाइप करा:

झिपअलाइन -पी 16 -एफ -व्ही 4 कच्ची.एपीके पक्की.एपीके

यातला पी कॅपिटल आहे, तो .एसओ लायब्ररी (अ‍ॅपमधल्या नेटिव्ह कोडच्या फाइली) मेमरीच्या 16 केबीच्या पानावर बसवतो. स्मॉल पी म्हणजे 4 केबी, आणि दोन्ही एकत्र चालत नाहीत. एफने आधीची आउटपुट फाइल पुसून नवी लिहिली जाते. शेवटचा 4 नेहमी 4 च ठेवा. इनपुट आणि आउटपुटची नावं वेगळी हवीत.

आता तपासणी, पी इथेही कॅपिटल:

झिपअलाइन -सी -पी 16 -व्ही 4 पक्की.एपीके

प्रत्येक ओळीत फाइलची जागा, नाव आणि कंसात निकाल येतो. ‘बॅड - 2’ दिसलं तर ती फाइल सीमेपासून 2 बाइट पुढे सरकली आहे. ‘ओके - कॉम्प्रेस्ड’ हा शेरा मात्र डोळे झाकून मान्य करू नका. रिसोर्सेस.एआरएससी या, अ‍ॅपच्या रिसोर्सची यादी असलेल्या फाइलपुढे तो आला, तर तपासणी पास होते आणि इन्स्टॉल तरीही फसतं. टार्गेट एपीआय (अ‍ॅप ज्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी बनवलं तिचा क्रमांक) 30 किंवा वरचं असेल तर अँड्रॉइड 11 पासूनच्या फोनना ही फाइल कॉम्प्रेस न केलेलीच लागते, आणि झिपअलाइन कॉम्प्रेशन काढत नाही. पुन्हा झिप करताना -एन .एआरएससी हा पर्याय द्या आणि सगळं पहिल्यापासून करा.

16 केबीचं आणखी एक: झिपअलाइन लायब्ररीची एपीकेमधली जागा सुधारतं, लायब्ररीच्या आतली रचना नाही. लायब्ररीवर ऑब्जडंप -पी (हा पी स्मॉल) चालवून लोड लिहिलेल्या ओळींत अलाइन 2**14 दिसतं का बघा. 2**12 दिसलं तर लायब्ररी एनडीके (नेटिव्ह कोड बिल्ड करायचा संच) आर28 किंवा पुढच्या आवृत्तीने नव्याने बिल्ड करा. बाहेरून घेतलेली असेल तर देणाऱ्याकडून नवी मागवा.

यानंतर सही. कंपनी.जेकेएस हे कीस्टोअर, म्हणजे सहीची किल्ली ठेवलेली फाइल:

एपीकेसाइनर साइन --केएस कंपनी.जेकेएस पक्की.एपीके

क्रम चुकवू नका. अँड्रॉइड 7.0 सोबत आलेली व्ही2 सही अख्ख्या फाइलवर असते, त्यामुळे सहीनंतर झिपअलाइन चालवलं की सही मोडते. जारसाइनर या जुन्या सहीच्या टूलचा क्रम याच्या उलट होता, आणि इंटरनेटवरच्या जुन्या स्क्रिप्ट उचलून वापरल्या की घोळ नेमका इथेच होतो. एपीकेसाइनर व्हेरिफाय चालवून खात्री करा. शेजारी .आयडीसिग ही सहीची वेगळी फाइल तयार झाली तर ती कुणाला पाठवायची नाही.

वाटण्याआधी एका स्वस्त फोनवर, जुनी आवृत्ती न काढता, एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देणारं टूल) वापरून एडीबी इन्स्टॉल -आर करा. लॅमिंग्टन रोडवरचा सेकंडहँड फोन यासाठी पुरतो. ‘अपडेट इनकम्पॅटिबल’ आलं तर कीस्टोअर बदललं आहे. अशी फाइल बाहेर गेली तर सेल्समनला आधीचं अ‍ॅप काढावं लागेल आणि फोनमध्ये अडकलेल्या, सर्व्हरला न पोचलेल्या ऑर्डरी त्याबरोबर जातील. म्हणून मूळ कीस्टोअर आणि त्याचा पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.