पेस्टचं नाव नको, मागची बारीक अक्षरं वाचा

गार पाणी डावीकडच्या दाढेला लागलं की कळ थेट कानापर्यंत जायची. कीड नव्हती. हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलंय, हे नौपाड्यातल्या आमच्या डेंटिस्ट बाईंनी आरशात दाखवलं. त्यांनी टूथपेस्टची कंपनी सांगितली नाही, घटक सांगितला: ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट. ते दाताच्या नसेला शांत करतं, पण गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून दोन दिवसांत ट्यूब बदलायची नाही.

गोखले रोडवरच्या मेडिकलमध्ये मी ट्यूबा उलट्या करकरून वाचल्या. जवळपास त्याच किमतीच्या दोन पेस्ट. एकीत पोटॅशियम नायट्रेट होतं, दुसरीत नव्हतंच. पुढे मोठ्या अक्षरांत लवंग, मीठ, कोळसा. फ्लोराइडचा आकडा मात्र मागे, कोपऱ्यात! तो १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) आसपास हवाच, कारण किडीपासून दात वाचवतं ते फ्लोराइड, फेस नव्हे. कोळशाची पेस्ट मी मुद्दाम टाळली. उघड्या मुळावर घासणारं काही नकोच.

जोडीला मऊ ब्रश, हलका हात. आणि थुंकल्यावर लगेच खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. ट्यूब संपत आली तोवर कळ गेली होती. चूळ न भरणं सासूबाईंना अजून पटत नाही. त्यांना म्हणते, निदान थोडं थांबून भरा.