विहिरीच्या पाण्यात लाकूड टिकवण्याचे रसायन उतरल्याचा संशय असेल, तर काय करावे

वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून विजेच्या लाकडी खांबांत पेंटाक्लोरोफेनॉल हे विषारी रसायन तेलात मिसळून मुरवले जात असे. 2015 मध्ये स्टॉकहोम कराराने (दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय कराराने) ते निर्मूलनाच्या यादीत घातले, तरी पूर्वीचे खांब अजून उभे आहेत आणि त्यांच्या बुडाशी झिरपणारे तेल मातीतून उथळ विहिरीपर्यंत पोहोचू शकते.

प्रथम विहिरीभोवती फिरून पाहावे. खांबाच्या पायथ्याशी तेलकट, काळपट माती, जवळपास लाकडावर प्रक्रिया करणारा जुना कारखाना किंवा विहिरीच्या वरच्या अंगाला रचलेले रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दिसले, तर तपासणी टाळू नये. पाण्याला वास नाही म्हणून निश्चिंत राहणे मात्र चुकीचे, कारण जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे केवळ 9 मायक्रोग्रॅम आहे (अमेरिकेत ती 1 आहे) आणि इतके अल्प प्रमाण नाकाला किंवा जिभेला कळत नाही.

नमुना घेण्याआधी प्रयोगशाळेला रसायनाचे नाव सांगावे. नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत ते सहसा धरलेले नसते. हिरवट छटेचे लाकूड असेल तर आर्सेनिकही तपासून घ्यावे, कारण तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने लाकूड टिकवण्याची पद्धतही रूढ होती. पेंटाक्लोरोफेनॉलसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली तपकिरी काचेची बाटली वापरावी, कारण हे रसायन उजेडात विघटित होते. फिल्टरच्या अलीकडच्या नळातून काही मिनिटे पाणी वाहू देऊन मग बाटली भरावी आणि बर्फात ठेवून लगेच पोहोचवावी.

अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दुसरीकडचे पाणी आणावे. उकळण्याचा येथे काहीही उपयोग नाही. पाण्याची वाफ होते, रसायन मागे उरते, आणि भांड्यातल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. हे द्रव्य त्वचेतूनही शरीरात जात असल्याने प्रमाण जास्त निघाल्यास आंघोळीलाही ते पाणी वापरू नये.

फिल्टर अहवालानंतरच घ्यावा. सक्रिय कोळसा (पाणी शुद्ध करण्यासाठी खास तयार केलेला सच्छिद्र कोळसा) पेंटाक्लोरोफेनॉल चांगले शोषून घेतो, पण आर्सेनिकवर त्याची विशेष मात्रा चालत नाही. कोळशाच्या दोन टाक्या एकामागे एक जोडून मधे एक नळ ठेवावा आणि त्या नळाचे पाणी ठरावीक काळाने तपासावे; त्यात रसायन दिसू लागले की पहिल्या टाकीतला कोळसा संपला असे समजून दुसरी टाकी पुढे आणावी आणि तिच्यामागे नव्या कोळशाची टाकी बसवावी.