एजंटामार्फत घराची ऑफर: इसार अडकू नये म्हणून

बेळगावच्या टिळकवाडी-वडगावात एजंटाचं पहिलं वाक्य ‘टोकन (म्हणजे इसाराची आगाऊ रक्कम) टाका, मग बोलू’. आम्ही आता उलट करतो. आधी ३० वर्षांचा ईसी (मालमत्तेवर नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला), कर्नाटकच्या कावेरी नोंदणी पोर्टलवरून मिळेल तितका: व्यवहाराची नोंद असेल तर फॉर्म १५, नसेल तर १६. कन्नड येत नसेल तर त्यातल्या हद्दी जाणत्याकडून वाचून घ्या. ई-खात्यावर (पालिकेच्या मालमत्ता नोंदीवर) वारलेल्या वडिलांचं नाव असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. सौदे लटकतात ते इथेच, पुण्याच्या बहिणीची सही राहते.

आकडा तोंडी पाठवू नका. कागदावर रक्कम, मुदत आणि ‘कर्ज नाकारलं किंवा टायटलमध्ये दोष निघाला तर इसार परत’ ही ओळ, खाली मालकाची सही. चेक मालकाच्याच नावे. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस (मालकाच्या रकमेतून आधीच कापायचा आयकर) घर घेणाऱ्याने कापायचा. दलाली नोंदणीच्या दिवशी, आधी नाही. एजंट कुरकुरतो, कुरकुरू दे.